लाटा, पट्टे आणि मुंग्या: घरच्या सीसीटीव्हीचं चित्र बिघडलं तर दोष कसा शोधावा

आमच्या साताऱ्याच्या घरी गेटवरच्या कॅमेऱ्यात रोज दिवेलागणीला लाटा यायच्या. दिवसभर चित्र कसं लख्ख, आलेल्या गाडीची नंबरप्लेट वाचता येईल इतकं. साडेसात वाजले की आधी आडवे पट्टे, मग चित्र हेलकावे खायचं, मधेच काळं व्हायचं आणि पुन्हा उगवायचं. "अगं, तुझ्या समुद्राला भरती आली बघ," आई देवापुढे दिवा लावता लावता सांगायची. ज्यांनी सिस्टिम बसवली ते येऊन कॅमेरा बदलून गेले. लाटा होत्या तशाच. दुसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, डीव्हीआरच, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबाच गेलाय, नवीन घ्या. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि मल्टीमीटर काढला. दोष निघाला एका इन्सुलेशन टेपच्या गुंडाळीत. तो कसा सापडला ते पुढे येईलच.

चित्र बिघडलं की आपल्याकडे पहिला निवाडा कॅमेऱ्याविरुद्धच लागतो, कारण डोळ्यांना तोच दिसतो. वायर भिंतीत, जोड पत्र्याखाली आणि एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे १२ व्होल्ट करून कॅमेऱ्यांना देणारा डबा, कपाटाच्या माथ्यावर धुळीत. बहुतेक वेळा खोट या तिघांतच असते. त्यामुळे माझा एकच हट्ट आहे: दोष कोणत्या टप्प्यात आहे हे पक्कं होईपर्यंत रुपयाचीही वस्तू विकत घ्यायची नाही.

हा लेख मुख्यतः घरोघरी असलेल्या साध्या सिस्टिमसाठी आहे. चार किंवा आठ चॅनेलचा (म्हणजे तेवढे कॅमेरे लागतील असा) डीव्हीआर, थ्री प्लस वन केबलवरचे (एकाच आवरणात तीन बारीक वायरी आणि व्हिडिओची एक कोॲक्स, म्हणजे मधे तार आणि भोवती जाळी असलेली केबल) दोन ते पाच मेगापिक्सेलचे कॅमेरे आणि सगळ्यांत मिळून १२ व्होल्टचा एक एसएमपीएस. वायफाय आणि आयपी (नेटवर्कवर चालणाऱ्या) कॅमेऱ्यांचं दुखणं वेगळं असतं, त्याबद्दल शेवटी थोडं.

हाताशी काय हवं

साधा डिजिटल मल्टीमीटर. १२ व्होल्टचा एक सुटा ॲडॅप्टर, जुन्या राउटरचाही चालतो. फक्त त्यावर १२ व्होल्ट डीसी आणि किमान १ ॲम्पियर लिहिलेलं हवं आणि पिनच्या मधे प्लस हवा. दोन्ही टोकांना बीएनसी (व्हिडिओच्या केबलचा फिरवून बसवायचा कनेक्टर) लावलेली मीटरभर केबल, ही दुकानातून तयार करून घ्या. चार जादा बीएनसी, कटर, छोटा स्क्रू ड्रायव्हर. या सगळ्यात सर्वांत कामाची ती मीटरभर केबल. का, ते तिसऱ्या पायरीला कळेल.

आणि दोन पथ्यं. एसएमपीएसच्या पट्टीवर एका बाजूला १२ व्होल्ट आणि दोन बोटांच्या अंतरावर २३० व्होल्ट असतात, बऱ्याच वेळा झाकणाशिवाय. स्क्रूला हात लावण्याआधी प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं धरू नका. दुसरं, बीएनसी काढताना-लावताना डीव्हीआर आणि एसएमपीएस दोन्ही बंद ठेवा. चालू वायर खेचल्याने डीव्हीआरचं पोर्ट जळालेलं मी पाहिलंय.

पहिली पायरी: एक संध्याकाळ नुसतं बघा

कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा. कोणत्या चॅनेलला, किती वाजता, आणि चित्र नेमकं कसं बिघडतं. घरात त्या वेळी काय सुरू झालं तेही टिपा: बोअरची मोटर, गीझर, जिन्यातला एलईडी, इन्व्हर्टर.

मग तोच कॅमेरा तीन ठिकाणी बघा: टीव्हीवर, मोबाइलच्या ॲपमध्ये आणि कालच्या रेकॉर्डिंगमध्ये. टीव्हीवर पट्टे आहेत पण मोबाइलवर आणि रेकॉर्डिंगमध्ये चित्र स्वच्छ आहे, तर कॅमेरा, केबल, डीव्हीआर सगळे निर्दोष सुटले. दोष एचडीएमआय किंवा व्हीजीए केबलमध्ये, नाहीतर टीव्हीत. ही एक तपासणी न केल्यामुळे लोकांनी शिड्या लावून भिंती उकरल्यात. उलट लाइव्ह चित्र छान आणि फक्त रेकॉर्डिंग तुटक असेल, तर हार्ड डिस्ककडे बघा. तिथे कॅमेऱ्याचा संबंध नाही.

सगळ्या कॅमेऱ्यांना एकाच वेळी त्रास होत असेल तर दोष सामाईक गोष्टीत: एसएमपीएस, अर्थिंग किंवा डीव्हीआर. एकालाच असेल तर त्याची स्वतःची केबल, जोड किंवा कॅमेरा. हे वाचताना अगदी उघड वाटतं, पण घरी आलेल्या दुरुस्तीवाल्याने "एकच की सगळे?" असा प्रश्न विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.

दुसरी पायरी: चित्र काय सांगतंय ते वाचा

एक-दोन रुंद, अंधुक आडवे पट्टे संथपणे वर किंवा खाली सरकत असतील तर ती घरच्या विजेची छाप. आपली वीज ५० हर्ट्झची आणि कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं पाठवतो. दोघांचा ताल जवळजवळ जुळतो, पण अगदी तंतोतंत नाही, म्हणून पट्टा एका जागी न थांबता रांगतो. याचं कारण बहुतेक वेळा ग्राउंड लूप, म्हणजे दोन ठिकाणच्या अर्थमधून केबलच्या जाळीत फिरणारा करंट (सहाव्या पायरीत बघू).

दाट बारीक रेघा, तिरक्या किंवा जाळीसारख्या, असतील तर जास्त वारंवारतेचा गोंगाट: स्वस्त एसएमपीएस, एलईडीचा ड्रायव्हर, इन्व्हर्टर.

मुंग्या म्हणजे सिग्नल क्षीण झालाय. जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर दिसायच्या त्याच. सैल बीएनसी, गंजलेली जाळी, फार लांब केबल. चित्र आहे पण रंग गेला किंवा कडा मऊ झाल्या, तरी केबलच्या लांबीकडे बघा, कारण लांब केबलमध्ये आधी वरच्या वारंवारता गळतात आणि रंग व बारकावे त्याच वाहून आणतात.

प्रत्येक वस्तूच्या उजव्या अंगाला तिचीच फिकट सावली दिसत असेल तर सिग्नल वाटेत कुठेतरी आपटून परत येतोय. कोॲक्स केबल सिग्नलला सगळीकडे सारखीच, ७५ ओहमची, भासायला हवी. मधेच नुसत्या वायरी पिळून जोड मारला, किंवा टी-आकाराचा कनेक्टर लावून एक फाटा मोकळा सोडला, की असं होतं.

आणि चित्र हेलकावे खातंय, जातंय, येतंय, विशेषतः रात्री: आधी व्होल्टेज मोजा. आमचा समुद्र तो हाच.

तिसरी पायरी: सिस्टिम अर्ध्यात तोडा

आता ती मीटरभर केबल. सगळं बंद करा. आजारी चॅनेलचं बीएनसी काढून धडधाकट चॅनेलच्या जागी लावा, आणि त्याचं यात. चालू करा. त्रास वायरीबरोबर नव्या चॅनेलवर गेला तर डीव्हीआर निर्दोष. त्रास जुन्याच चॅनेलवर राहिला तर डीव्हीआरचं ते पोर्ट गेलं, आणि आठ चॅनेलच्या डीव्हीआरला पाचच कॅमेरे असतील तर शेजारच्या पोर्टात वायर घालून विषय संपला.

त्रास वायरीबरोबर गेला, तर कॅमेरा भिंतीवरून उतरवा, डीव्हीआरच्या शेजारी टेबलावर ठेवा, मीटरभर केबलने जोडा आणि सुट्या ॲडॅप्टरवर चालवा. खोलीत अंधार करा म्हणजे कॅमेऱ्याचे अंधारात बघण्याचे आयआर (इन्फ्रारेड) दिवेही पेटतील. चित्र स्वच्छ आलं तर कॅमेरा बरा आहे, दोष वाटेत आहे. टेबलावरही लाटा आल्या तरच कॅमेरा बदलायचा. या अर्ध्या तासाच्या कामाने आमचे नवीन कॅमेऱ्याचे पैसे वाचले असते.

कॅमेरा उतरवणं जिवावर येत असेल तर उलट करा: सुटा ॲडॅप्टर एक्स्टेंशन बोर्डाने कॅमेऱ्यापर्यंत न्या आणि फक्त डीसी पिन बदला. चित्र लगेच सुधारलं तर दोष विजेत, नाही सुधारलं तर व्हिडिओच्या वायरीत किंवा अर्थमध्ये.

चौथी पायरी: व्होल्टेज, आणि तेही रात्री

आमच्याकडे गंमत अशी झाली की दुरुस्तीवाले दोन्ही वेळा दुपारी आले. दुपारी मोजलं तर गेटवर ११.२ व्होल्ट. "बरोबर आहे की," ते म्हणाले, आणि दुपारपुरतं ते बरोबरच होतं. मी रात्री आठला शिडी लावली. बाबांनी खालून शिडी आणि टॉर्च दोन्ही धरलं. कॅमेऱ्याजवळ कान नेल्यावर आतून टिक् आवाज आला. दोन सेकंदांनी पुन्हा टिक्. लेन्समागची आयआर फिल्टरची काच दिवस-रात्र बदलताना एकदा सरकते, त्याचा तो आवाज. इथे ती सारखीच मागे-पुढे करत होती. मीटर लावला: ९.४ व्होल्ट. एसएमपीएसवर मात्र १२.१.

आयआर दिवे पेटले की कॅमेरा दिवसापेक्षा दुप्पट-तिप्पट करंट ओढतो. वायरीतली व्होल्टेजची गळती करंटच्या पटीत वाढते. व्होल्टेज पडलं की कॅमेरा गुदमरतो, दिवे विझतात, भार कमी झाल्यामुळे व्होल्टेज परत वर येतं, दिवे पुन्हा पेटतात. आईची भरती-ओहोटी ती हीच.

हिशोब साधा आहे. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०१७ ओहम. थ्री प्लस वनमधल्या बारीक वायरी ०.२ चौरस मिलिमीटरच्या धरल्या तर मीटरला ०.०८६ ओहम. कॅमेरा ४० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ८० मीटर, म्हणजे जवळजवळ ६.९ ओहम. रात्री ०.४ ॲम्पियर गेले की २.७५ व्होल्ट वाटेतच खर्च, कॅमेऱ्याला उरले सव्वानऊ. आणि हे शुद्ध तांब्याचं गणित झालं. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेली केबल बाजारात भरपूर खपते, तिच्यात गळती दीडपटीहून जास्त. चाकूने तार खरवडून बघा. आत चांदीसारखा रंग दिसला तर काय ते समजा.

आमची केबल पंचवीसच मीटर होती, एवढी गळती तिला शोभत नव्हती. म्हणून वायरीच्या मागे मागे गेले. शेडच्या पत्र्याखाली, पन्हाळीच्या अगदी शेजारी, काळ्या टेपचा लिंबाएवढा गोळा. टेप सोलली तर आत लाल वायरीचा नुसता पिळलेला जोड, त्यावर न कल्हई केलेल्या पातेल्यासारखा हिरवा कळंक. तो तोडून, तारा खरवडून, सोल्डर केला आणि बंद डबीत घातला. त्या रात्री गेटवर ११.२ व्होल्ट, तेवढेच जेवढे आधी भरदुपारी मिळायचे.

जोड चांगले असूनही व्होल्टेज पडत असेल तर पर्याय तीन. लांबच्या कॅमेऱ्याला त्याच्या जवळ स्वतंत्र ॲडॅप्टर द्या. किंवा विजेसाठी जाड वायर वेगळी ओढा. किंवा थ्री प्लस वनमधली तिसरी वायर, जी आवाजासाठी असते आणि बहुतेक घरांत रिकामीच लोंबते, ती दोन्ही टोकांना मायनसला जोडा. या तिसऱ्या उपायाचा आणखी एक फायदा आहे. कॅमेऱ्याच्या आत विजेचा मायनस आणि व्हिडिओची जाळी एकच असतात. मायनसची वायर बारीक असली की परतीचा करंट व्हिडिओच्या जाळीतूनही वाट काढतो आणि विजेचा सगळा कचरा चित्रात सांडतो. मायनस जाड झाला की तो कचराही कमी.

एसएमपीएसवर स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा एक छोटा पेच असतो, त्याने व्होल्टेज वाढवता येतं. बरेच जण तो फिरवून मोकळे होतात. मला तो मार्ग पसंत नाही, कारण वाढलेलं व्होल्टेज दोन मीटरवरच्या कॅमेऱ्यालाही मिळतं आणि त्याला त्याची गरज नसते. फिरवायचाच असेल तर कॅमेऱ्याच्या लेबलवरची मर्यादा बघून, मीटर लावून, अगदी जरासा.

सगळे कॅमेरे एकदम रात्री नाचत असतील तर एसएमपीएस थकलाय. चार कॅमेऱ्यांचा साधारण ५ ॲम्पियरचा असतो, आठांचा १०. नंतर दोन कॅमेरे वाढवले पण एसएमपीएस तोच ठेवला, असं झालं असेल तर उत्तर तिथेच आहे. उघडून बघायची गरज नाही. हवेच्या फटींतून आत टॉर्च मारली तरी डोकं फुगलेले कॅपॅसिटर दिसतात. ते दिसले की नवा घ्या.

पाचवी पायरी: बीएनसी आणि केबल

बीएनसी हलक्या हाताने हलवून बघा. चित्र उडालं तर तो जोड नव्याने करा, टेप गुंडाळून दाबू नका. केबल सोलताना जाळीचा केसाएवढा एक तंतू मधल्या तारेला टेकला तरी चित्र फिकट होतं किंवा जातंच. पिळून बसवायचे बीएनसी झटपट लागतात आणि झटपट सैल होतात. क्रिंप केलेला (पक्कडीने दाबून पक्का केलेला) किंवा सोल्डर केलेला घ्या.

केबल तपासायला दोन्ही टोकं मोकळी करा. मल्टीमीटर ओहमवर ठेवून मधली तार आणि जाळी यांच्यात मोजा: काहीच दाखवता कामा नये. काही हजार ओहम दाखवत असेल तर केबलमध्ये पाणी आहे. मग लांबच्या टोकाला तार आणि जाळी एकमेकांना टेकवून धरायला कुणाला तरी सांगा आणि पुन्हा मोजा: आता मोजके ओहम यायला हवेत. शंभर-दोनशे आले तर वाटेत अर्धवट तुटलेलं काहीतरी आहे, उंदराने कुरतडलेलं किंवा खिळ्यात सापडलेलं.

पाणी शिरलेली केबल वाळवून वापरायचा प्रयत्न करू नका. जाळी वातीसारखी पाणी ओढते, फूट-फूट आत. तेवढा तुकडा कापून फेका.

सहावी पायरी: ग्राउंड लूप

संथ रांगणारे पट्टे. हा रोग ओळखायला सोपा, पण याचं मूळ कुठल्याही एका वस्तूत नसतं, म्हणून वस्तू बदलत बसलं तर आयुष्य जाईल.

दोन ठिकाणचे अर्थ कधीच अगदी सारखे नसतात. कॅमेऱ्याचं धातूचं अंग लोखंडी खांबावर बसवलंय, खांब जमिनीत गाडलाय. इकडे डीव्हीआर दुसऱ्याच अर्थला बांधलाय. दोन्हींच्या मधे एक धातूचा पूल, तो म्हणजे तुमच्या केबलची जाळी. दोन अर्थांमधल्या फरकाने त्या जाळीतून ५० हर्ट्झचा करंट वाहतो आणि चित्रावर पट्टा होऊन दिसतो.

वाईला मामांच्या दुकानात चारपैकी तीन कॅमेऱ्यांना पट्टे होते. ते तीन लोखंडी अँगलवर. चौथा, स्वच्छ, लाकडी फळीवर. म्हणजे अर्धं उत्तर भिंतीवरच लिहिलेलं. उरलेलं अर्धं मोबाइलवर मिळालं. ॲपमध्ये चित्र बघत बघत डीव्हीआरची एचडीएमआय केबल उपसली, तर मोबाइलवरचे पट्टे गायब. टीव्हीला सेट टॉप बॉक्स, त्याला केबलवाल्याची वायर, आणि त्या वायरीची जाळी गल्लीत कुठल्या खांबावर अर्थ झालीय ते केबलवालाच जाणे. मामांचा डीव्हीआर दोन पिनांच्या ॲडॅप्टरवर होता, त्याला स्वतःचा अर्थच नव्हता. तो अख्ख्या गल्लीचा अर्थ एचडीएमआयमधून उसना घेत होता. मामा म्हणाले, "म्हणजे चोर पकडायला लावलेला कॅमेरा, आणि त्यालाच शेजारच्यांची वीज चिकटलीय होय?"

स्वतः तपासायचं तर असं. सगळं बंद करून डीव्हीआरचं बीएनसी काढा, मग डीव्हीआर आणि कॅमेरा पुन्हा चालू करा. मल्टीमीटर एसी व्होल्टवर. एक टोक केबलच्या बीएनसीच्या बाहेरच्या कड्याला, दुसरं डीव्हीआरच्या कड्याला. दोन्ही कडी उघड्या हातांनी एकदम धरू नका. काही दशांश व्होल्ट ठीक. दोन-चार व्होल्ट असतील तर लूप आहे. शंभरच्या आसपास आकडा आला आणि डीव्हीआरच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येत असतील, तर अर्थ न मिळालेल्या एसएमपीएसचं हे लक्षण. त्याच्या आतले फिल्टरचे कॅपॅसिटर अंगाला मेन्सच्या निम्म्यावर तरंगत ठेवतात. अशा वेळी सीसीटीव्हीचं काम थांबवा आणि वायरमनकडून घराचं अर्थिंग आधी नीट करून घ्या. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट दिसतो, पण वरच्या भोकात वायरच नसते.

उपाय या क्रमाने करा. लोखंडावरचा कॅमेरा पीव्हीसी जंक्शन बॉक्सवर किंवा लाकडी ठोकळ्यावर बसवा, स्क्रू लोखंडाला टेकणार नाही असा. डीव्हीआर, एसएमपीएस आणि टीव्ही एकाच अर्थ असलेल्या बोर्डावर घ्या. तरी पट्टा राहिला तर ग्राउंड लूप आयसोलेटर (चित्र जाऊ देणारा पण जाळी मधे तोडणारा छोटा जोड) लावा, पण एचडी कॅमेऱ्यांसाठीचा मागून घ्या. जुन्या कमी रिझोल्यूशनच्या कॅमेऱ्यांसाठीचा लावलात तर पट्ट्याबरोबर बारकावेही जातील. आणि सगळे कॅमेरे एकाच एसएमपीएसवर असतील तर आयसोलेटर अर्धंच काम करतो, कारण जाळी तोडली तरी मायनसच्या वायरीचा पूल शिल्लकच. अशा वेळी त्या कॅमेऱ्याला वेगळा ॲडॅप्टरही लागतो.

एक उपाय कुणी सुचवला तरी करू नका: प्लगची अर्थची पिन कापणं. पट्टा खरंच जातो. उद्या एसएमपीएसमध्ये बिघाड झाला तर २३० व्होल्ट थेट कॅमेऱ्याच्या अंगावर येतात, आणि तो पुसायला शिडीवर चढलेलं घरातलंच कुणीतरी असतं.

सातवी पायरी: शेजारी कोण नांदतंय

सीसीटीव्हीची केबल आणि २३० व्होल्टची वायर एकाच पट्टीतून किंवा पाइपातून नेली असेल तर ती वेगळी करा. फूटभर अंतर ठेवा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात. मोटरच्या आणि लिफ्टच्या वायरींना अंतर त्याहून जास्त.

एखादा दिवा लागला की रेघा येत असतील तर तो दिवा काढून दुसरा लावून बघा. बेनामी एलईडी बल्बचा ड्रायव्हर हा मोठा गोंगाटी प्राणी असतो. वीज गेल्यावरच रेघा येत असतील तर इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा आहे. अख्खा इन्व्हर्टर बदलण्यापेक्षा डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांना सीसीटीव्हीसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस द्या, म्हणजे तो मधला एसी टप्पाच निघून जातो.

आठवी पायरी: सेटिंग

चित्रात पट्टे आहेत पण फक्त ट्यूबलाइट किंवा एलईडीच्या उजेडात, आणि उन्हात अजिबात नाहीत? मग बिघाड काही नाही. दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा ६० हर्ट्झवर असेल तर त्याचा ताल चुकतो. मेनूत ५० हर्ट्झ करा किंवा एनटीएससीऐवजी पॅल निवडा. मेनूतल्या या 'पॅल'मागे वॉल्टर ब्रुख नावाचे जर्मन इंजिनिअर आहेत. १९४२ साली जर्मनीतल्या पेनेम्युंडेला व्ही-२ रॉकेटचं उड्डाण लांबून बघण्यासाठी बंद वर्तुळाचे (क्लोज्ड सर्किट, म्हणजेच सीसीटीव्हीतलं 'सीसी') कॅमेरे बसवण्याचं कामही त्यांचंच. म्हणजे सीसीटीव्हीचा एक सुरुवातीचा वापर आणि त्यातला हा पर्याय, दोन्ही एकाच माणसापर्यंत जातात.

कॅमेरा बदलल्यावर चित्र कृष्णधवल आलं किंवा फाटकं आलं, तर एएचडी, टीव्हीआय, सीव्हीआय या सिग्नल पाठवायच्या पद्धतींतला मोड जुळत नाहीये. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या शेपटीवर एक इवलीशी दांडी असते, ती काही सेकंद एका बाजूला दाबून धरली की मोड बदलतो. कुठल्या बाजूला, ते डबीतल्या कागदावर असतं. तो कागद आपण पहिल्याच दिवशी फेकलेला असतो.

जे बिघाड नाहीत

रात्री पांढरं धुकं, दिवसा काही नाही: कोळ्याचं जाळं किंवा डोमवरचे (कॅमेऱ्याच्या गोल पारदर्शक टोपीवरचे) हाताचे डाग, आयआरच्या उजेडात चमकणारे. मऊ कपड्याने पुसा. पांढऱ्या भिंतीला किंवा छज्ज्याला फार खेटून बसवलेल्या कॅमेऱ्याचंही असंच होतं. तोंड थोडं वळवा. उडणारे पांढरे ठिपके म्हणजे किडे. आयआरची ऊब आणि त्यावर जमणारे किडे बघून पाल कॅमेऱ्याला घरच करते, आणि मध्यरात्री मोबाइलवर माणूस दिसल्याची सूचना येते.

वायफाय आणि आयपी कॅमेऱ्यांचं

इथे लाटा आणि मुंग्या नसतात. चित्र चौकोन-चौकोन होऊन फाटतं, गोठतं, राखाडी होतं, कारण इथे चित्र आकड्यांच्या रूपात येतं आणि ते आकडेच वाटेत हरवतात. वायफायचा कॅमेरा असेल तर ॲपमध्ये सिग्नलचा आकडा शोधा. उणे ६५ च्या आसपास उत्तम, उणे ७५ च्या पलीकडे गेला की तक्रारी सुरू. स्लॅब आणि लोखंडी ग्रिल सिग्नल खातात. इमारतीत वीस राउटर असतील तर आपला राउटर २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांतल्या कमी गर्दीच्या चॅनेलवर बांधा. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो. दूध गरम करताना कॅमेरा गोठत असेल तर योगायोग समजू नका.

वायरचा आयपी कॅमेरा असेल तर केबल १०० मीटरच्या आत, शुद्ध तांब्याची, आणि टोकाचा आरजे ४५ कनेक्टर नव्याने क्रिंप केलेला. दोन कॅमेऱ्यांना चुकून एकच आयपी पत्ता गेला तर ते आलटून पालटून गायब होतात. हे केबलचं दुखणं वाटतं, पण दोन मिनिटांत सेटिंगमध्ये सुटतं.

दुरुस्तीनंतर

लगेच शिडी आत ठेवू नका. रात्री आयआर पेटल्यावर त्याच टोकाला व्होल्टेज पुन्हा मोजा आणि तो आकडा, तारखेसकट, डीव्हीआरच्या पाठीवर मार्करने लिहा. पुढच्या वेळी तुलनेला काहीतरी असेल. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगमधले तीन क्षण बघा: दिवेलागण, मध्यरात्र आणि पहाट, जेव्हा दव पडलेलं असतं.

मे महिन्याच्या शेवटी, पावसाळा सुरू होण्याआधी, उघड्यावरचे सगळे जोड जंक्शन बॉक्समध्ये गेलेत का बघा. बॉक्सचं भोक खालच्या बाजूला हवं. वायर आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून ठिबकेल, जोडावर नाही. विजा कडाडायला लागल्या की डीव्हीआरचा प्लग काढायचं काम आमच्याकडे बाबांनी स्वतःकडे घेतलंय. डीव्हीआरच्या पाठीवर माझ्या ११.२ च्या खाली त्यांनी आता स्वतःचे आकडे लिहायला सुरुवात केलीय, आणि परवा तर तिथे ११.१ दिसला म्हणून फोन आला.